दांडी मारा, दंड भरा

14 एप्रिलला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात निळे झेंडे लागतात. त्याच दिवशी 1944 च्या गोदी स्फोटात गेलेल्या 66 अग्निशमन जवानांना मानवंदना दिली जाते आणि अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो. सोसायट्यांच्या फलकावर 101 क्रमांकाचं पोस्टर चढतं. पुढच्या आठवड्यात त्यावर टाकी धुण्याची नोटीस डकवली जाते.

या पोस्टरपेक्षा मला 1736 सालचा फिलाडेल्फियातला एक करार कामाचा वाटतो. बेंजामिन फ्रँकलिनने तीसेक जणांना घेऊन ‘युनियन फायर कंपनी’ काढली. प्रत्येकाने चामडी बादल्या आणि सामान काढायला पिशव्या घरात तयार ठेवायच्या, आग लागली की घेऊन धावायचं. महिन्याला बैठक, गैरहजर राहिल्यास दंड. त्या दंडातून शिड्या, आकडे, बंब घेतले गेले. म्हणजे मंडळी दांड्या मारत होती! नुसत्या सेवाभावावर भिस्त नव्हती, हे मला फार आवडतं.

मुंबईत आग विझवण्याचं काम आधी पोलिसांकडे होतं, 1887 पासून महापालिकेकडे आलं. वस्तीतल्या माणसांचं म्हणावं असं पथक म्हणजे नागरी संरक्षण दल. ते आठवतं युद्धाच्या वेळी. 2025 च्या मे महिन्यात तालमीचे भोंगे वाजले, तेवढंच.

असल्फा, भटवाडीच्या टेकडीवर सिलिंडर खांद्यावरून चढतो आणि बंब खालीच अडतो. वरची पहिली दहा मिनिटं शेजाऱ्यांचीच. रेग्युलेटर फिरवायचा, मेन स्विच पाडायचा, म्हातारी माणसं आधी बाहेर काढायची. इथलीच पोरं गुरुपौर्णिमेपासून दहीहंडीचे थर लावतात. सरावाला न येणाऱ्याला वर चढवत नाहीत. अग्निशमन दलाने त्यांचे चार रविवार मागून घ्यावेत.

खाली टॉवरवाल्यांचं अवघड आहे. राज्याच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार दर जानेवारी-जुलैत यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र लागतं. कागद येतो. पंतनगरातल्या एका इमारतीत होजची पेटी उघडून पाहिली: आत खराटा, पायपुसणं, भेगाळलेला पाइप. नोझल गायब. पितळेला भंगारात भाव चांगला येतो.

चुकीच्या पार्किंगचा दंड वार्षिक सभेत एकमताने मंजूर होतो. त्याच सभेत आणखी एक ठराव घ्या: मजल्यामागे दोन माणसं, वर्षातून दोनदा तालीम, न आल्यास दंड थेट मेंटेनन्सच्या बिलात. पहिल्या वसुलीतून नोझल आणा.