हिरो, व्हिलन आणि गो-अराउंड

आमच्या चिमूरच्या शाळेच्या ग्रुपवर दर ऑगस्टला एक फॉरवर्ड न चुकता येतो. कॅप्टन दीपक साठेंनी कोळिकोडला तीन घिरट्या घालून इंधन संपवलं, इंजिन बंद केलं, स्वतःचा जीव देऊन प्रवासी वाचवले. खाली तिरंगा. कोणी शंका काढली की उत्तर ठरलेलं: "अबे, मिग-२१ उडवलेला माणूस होता तो!"

साठे मोठे वैमानिक होतेच. हवाई दलाच्या अकादमीत स्वोर्ड ऑफ ऑनर, विंग कमांडर म्हणून निवृत्ती. आईवडील नागपूरला, म्हणजे आम्हा वैदर्भीयांना घरचेच. पण ७ ऑगस्ट २०२० ला घडलं ते वेगळंच. मुळात बोईंग ७३७ ला हवेत इंधन सोडून द्यायची सोयच नाही. एएआयबीचा रिपोर्ट सप्टेंबर २०२१ मधे आला, फुकट वाचता येतो. पाऊस, पहिला प्रयत्न सोडला, दुसऱ्यांदा उलट्या बाजूने, मागून वारा. ८,८५८ फुटांच्या रनवेवर विमान टेकलं ४,४३८ फुटांवर. अर्धा रनवे मागेच! टेकायच्या जरा आधी को-पायलट अखिलेश कुमार 'गो-अराउंड' म्हणाले होते. उपयोग झाला नाही. १९० पैकी २१ गेले, त्यात हे दोघेही.

रिपोर्ट एवढ्यावर थांबत नाही. कोळिकोडला कॅप्टन अपुरे होते, साठेंच्या मनावर दुसऱ्या दिवशी सकाळच्या फ्लाईटचं दडपण होतं, आणि कॉकपिटमधे सीनियर-ज्युनियरची उतरंड फार तीव्र होती, हेही त्यात आहे. फॉरवर्डमधे यातलं काही नसतं. अखिलेश कुमारांचं नावही नसतं.

माझ्या ओळखीचे एक काका हवाई दलातून एअरलाईनमधे गेले. यूट्यूबवरच्या छाती फुगवून बोलणाऱ्या 'एव्हिएशन एक्स्पर्ट' लोकांवर त्यांचा भयंकर राग आहे. मिगच्या आठवणी खोदून काढाव्या लागतात, आणि काढल्या की त्या निघतात स्वतः कुठे चुकता चुकता वाचलो याच्या. पराक्रमाची एकही नाही! मिगमधे टोकणारं शेजारी कोणी नसतं. एअरलाईनमधे आल्यावर आधी हे शिकावं लागलं म्हणे, की शेजारच्या पोराने टोकलं तर ऐकायचं.

जगाने हा धडा फार महाग घेतला. २७ मार्च १९७७, टेनेरीफ, ५८३ मृत्यू. धावपट्टीवर दुसरं विमान असताना टेकऑफ सुरू करणारा केएलएमचा कॅप्टन हा कंपनीच्या जाहिरातींमधला चेहरा होता, म्हणजे त्या काळचा सेलिब्रिटीच. फ्लाईट इंजिनियरने शंका विचारली होती. कॅप्टनने उडवून लावली.

आणि हेच स्टार लोक उलट्या दिशेनेही तेवढेच उत्साही. १२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान पडलं. काही तासांत यूट्यूबवर निकाल: को-पायलटने चाकांऐवजी फ्लॅप ओढले. पुढे जास्त स्पष्ट व्हिडिओ आल्यावर थिअरी बदलली. पण त्या पोराच्या घरच्यांनी पहिला व्हिडिओ पाहिला असेल त्याचं काय?

(आमच्याकडे याची रंगीत तालीम झाली होती. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा, शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला आकाशातून धातूचं भलंमोठं कडं पडलं. चिनी रॉकेटचा तुकडा. तोवर विमान जळालं, उल्का पडली, सगळं छातीठोकपणे सांगून झालं होतं.)

आमच्या धंद्यात सर्व्हर पडला की 'कोणी पाडला' यापेक्षा 'पाडता कसा आला' हे शोधायचं असतं, निदान कागदावर तरी. शुक्रवारी रात्री रिलीज नको म्हणणाऱ्या ज्युनियरचं कोणी ऐकत नाही हेही खरं. फरक इतकाच, की आमच्याकडे रोलबॅक असतो.

"शहिदाबद्दल असं बोलतोस?" असं विचारतात. मी रिपोर्ट वाचून बोलतोय. माणसाला देव केलं की त्याच्या शेवटच्या लँडिंगबद्दल प्रश्न विचारता येत नाहीत, आणि उद्या उजव्या सीटवरच्या पोराला पुन्हा 'गो-अराउंड' म्हणायचं असतं, डावीकडे असाच कोणी मिग उडवलेला मोठा माणूस बसलेला असताना.