खो द्यायची वेळ



गेल्या रब्बीत हरभऱ्यावरच्या घाटेअळीचे प्रात्यक्षिक आटोपून परतत होतो. वाटेत शाळेच्या मैदानावर खो-खोचा सामना चाललेला. मोटारसायकल बाभळीखाली लावली नि उभा राहिलो. एक पोरगा हरणासारखा पळत होता. पण पळता गडी त्याला झुलवीत होता आणि हा काही केल्या खो देईना. चौकोनात बसलेली आठ पोरे माना वळवून नुसती बघत होती. माझ्या पोटात कालवले. चाळीस वर्षांपूर्वी हे पोर मीच होतो.

सन १९८५. मी नववीत. तालुक्याचा अंतिम सामना, शेवटचे मिनिट, बरोबरीला एक गडी बाद हवा होता. पळता गडी दोघांच्या मधून पलीकडे निसटला. पाठलाग करणाऱ्याला मधली रेषा ओलांडता येत नाही. खांबाला वळसा घालायचा, नाहीतर खो द्यायचा. माझ्यापुढेच माझा मित्र पलीकडे तोंड करून बसलेला, गडी त्याच्या हाताच्या अंतरावर. पण टाळ्या आपल्या नावाने पडाव्यात ही हाव. मी खांबाकडे धावलो. वळसा पुरा होईस्तोवर गडी परत अलीकडे आला आणि शिट्टी वाजली. मित्र रागावला नाही. परतीच्या एस.टी.त एवढेच म्हणाला, "मी तयार होतो रे."

शिवी दिली असती तर बरे वाटले असते.

बसलेला गडी रिकामा नसतो, हे आपल्याला बाहेरून कळत नाही. एक पाय मागे रोवलेला, हात जमिनीला टेकलेले, नजर पळत्यावर. खो मिळण्याआधी उठला तर चूक, मिळाल्यावर क्षणभर रेंगाळला तर गडी गेला. सामनाभर एकही गडी त्याच्या नावावर लागत नाही, तरी त्याच्यावाचून कुणाच्याच नावावर लागत नाही. पाटाच्या पाण्याची आपली पाळी संपली की वेळेवर दार सोडणारा शेजारी असतो ना, तसा. असे शेजारी किती असतात ते तुम्हीच जाणा!

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. आपल्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे. महिलांनी ७८-४०, पुरुषांनी ५४-३६ अशी बाजी मारली. एकट्याच्या पळण्याने एवढे गुण होत नाहीत.

पोर मैदानावरून घरी आले की आपण पहिले विचारतो, "किती गडी मारलेस?" आईबापहो, खो किती दिलेस, तेही विचारत जा. आणि ज्याचे पोर नुसते बसून आले असेल त्याने तर जरूर विचारावे.

त्या संध्याकाळी मित्राला फोन लावला. गावीच असतो, दोन एकर कांदा आहे त्याचा. म्हटले, "पंच्याऐंशी सालचा तो खो द्यायचा राहिला बघ."

तो हसला. म्हणाला, "राहू दे आता. करपा दिसतोय पातीवर, उद्या येतोस का बघायला?"