कमरेचं पिस्तूल आणि नाक्यावरचा सलाम



अंकुशनगरचा कारखाना पेटला की शहागड-वडीगोद्रीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. त्याच रस्त्यावरच्या नाकाबंदीतली ही गोष्ट. आमच्या ओळखीचे एक मामा फौजेतून निवृत्त झाले आणि आता सुरक्षारक्षक आहेत. बारा बोरची बंदूक, परवाना स्वतःच्या नावावर. ड्युटीवर जाताना पोलिसांनी अडवलं. मामांनी बंदूक कव्हरमध्ये आहे म्हणून सांगितलं, परवाना पुढे केला. हवालदाराने तो तीनदा वाचला. मग आडनाव विचारलं, गाव विचारलं आणि शेवटी, "तुला कोणी दिला रे परवाना?" पाऊण तास उभं केलं. तेवढ्यात एक पांढरी गाडी आली. पुढच्या सीटवरच्या भाऊंच्या कमरेला पिस्तूल, शर्टाच्या वर, सगळ्यांना दिसेल असं. त्यांना सलाम मिळाला आणि गाडी निघून गेली.

आता कायदा बघा. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम १९ सांगतं की शस्त्र बाळगणाऱ्या कोणत्याही माणसाकडे पोलीस परवाना मागू शकतात. मामांकडे मागितला, बरोबरच केलं. पण "कोणत्याही" या शब्दात भाऊ येत नाहीत का? आणि २०१६ चे शस्त्र नियम सांगतात की सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचं तर होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकून न्यायचं. म्हणजे कमरेचं पिस्तूल दाखवत फिरणं, त्याचे रील टाकणं हाच नियमभंग आहे. ज्याने झाकून नेलं त्याची चौकशी झाली, ज्याने दाखवलं त्याला सलाम. हा फरक कोणत्या कलमात लिहिलाय?

गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली, तेव्हा कुठे महाराष्ट्राला कळलं की त्या एका जिल्ह्यात हजाराहून अधिक शस्त्र परवाने आहेत. मग छाननी झाली, कित्येक परवाने रद्द झाले. चांगलं झालं. पण हे परवाने देताना पोलीस ठाण्याचा अहवाल कोणी लिहिला होता? कलम १३ प्रमाणे जवळच्या ठाण्याचा अहवाल मागवल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. जात तिथेच बसलेली आहे मित्रांनो, त्या अहवालाच्या दोन ओळींत. पाटलाच्या पोराला "जीवितास धोका" असतो. आपल्या पोराने अर्ज केला की त्याच्यापासूनच "शांततेस धोका" निर्माण होतो.

हे नवीन नाही. १८७८ च्या कायद्याने इंग्रजांनी इथल्या माणसाच्या हातातलं शस्त्र काढलं आणि पुढे १८९२ मध्ये महारांची लष्करभरतीच बंद केली. लढवय्या जात कोणती, हे साहेब ठरवत होता. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. सीमेवर आमच्या हातात रायफल चालते, गावात परतलो की बारा बोरसुद्धा खुपते.

काही मित्र म्हणतील, बुद्धाच्या अनुयायांना बंदूक कशाला? महाडला २० मार्च १९२७ रोजी आपल्या माणसांवर हल्ला झाला तेव्हा बाबासाहेबांनी लोकांना आवरलं होतं, हे मलाही माहीत आहे. खरं सांगायचं तर मलाही बंदूक नकोय. घरात पोरंबाळं आहेत. माझा आग्रह वेगळ्या गोष्टीचा आहे.

अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे १९९५ चे नियम काढा आणि नियम ३ वाचा. जिथे अत्याचाराची भीती आहे असा भाग शासनाने निश्चित करायचा. गरज वाटल्यास त्या भागातल्या अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या लोकांचे, त्यांच्या नातेवाईक-नोकरांचेही परवाने रद्द करून शस्त्रं सरकारजमा करायची. बेकायदा शस्त्रं जप्त करायची. आणि पुढे, जीवित-मालमत्तेच्या रक्षणासाठी गरज असेल तर अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना परवाने द्यायचे. हे नियम केंद्र सरकारचे आहेत, कुठल्या संघटनेच्या जाहीरनाम्यातले नाहीत. खैरलांजी २००६ ला झालं, खर्डा २०१४ ला, बोंढार हवेली २०२३ ला. यातल्या प्रत्येक वेळी मोर्चे काढले, निवेदनं दिली. त्यातल्या किती निवेदनांत नियम ३ चा उल्लेख होता? मी स्वतः लिहिलेल्या निवेदनांत नव्हता, हे कबूल करतो.

मला पहिली मागणी जातदांडग्यांच्या परवान्यांच्या छाननीची महत्त्वाची वाटते, आपल्या परवान्याची नंतर. नियम १७ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता समिती असते आणि तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायलाच हवी. जालन्याच्या समितीसमोर लेखी विषय द्या: अ‍ॅट्रॉसिटीचे गुन्हे दाखल झालेल्या गावांत परवाने किती, कोणाचे, आणि आरोपींपैकी कोणाकडे आहेत.

आणि ज्याला खरोखर धोका आहे, त्याने अर्ज करावा. "तुझ्याकडे जमीन नाही, बंदूक कशाला" असं कोणी म्हटलं तर कलम १४ दाखवा. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. नकाराची कारणं लेखी मागा. मग कलम १८ खाली विभागीय आयुक्तांकडे अपील करा. तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका.

मामांच्या परवान्याचं नूतनीकरण लवकरच आहे. ठाण्याचा अहवाल पुन्हा लागेल. या वेळी ते एकटे जाणार नाहीत, आम्ही चौघे सोबत असू, आणि अर्जाच्या पोचपावतीशिवाय तिथून हलणार नाही.