भुतांस आंदण दिलेलें कोकण

मराठी वाचकास भयाचें वावडें कधींच नव्हतें. भरतमुनींनीं आठ रसांत भयानकाची गणना केली, आणि आमच्या घराघरांतून दिवेलागणीनंतर सांगितल्या गेलेल्या गोष्टींत ह्या रसाचा वांटा इतर कोणत्याहि रसाहून कमी नाहीं. तेव्हां भयकादंबरी किंवा रहस्यकादंबरी हीं नांवें कानीं पडतांच नाक मुरडणाऱ्या पंडितांच्या पंक्तीस बसण्याची आम्हांस मुळींच हौस नाहीं. गोविंद नारायण दातारशास्त्र्यांनीं रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांना मराठी वेष चढविला. बाबूराव अर्नाळकरांनीं हजारांवर रहस्यकथा लिहून कित्येक घरांत पहिलें पुस्तक नेलें. नारायण धारप व रत्नाकर मतकरी यांनीं गूढकथेस निराळी प्रतिष्ठा मिळवून दिली. ह्या सर्व कामगिरीस जो हिणवील, त्यास मराठी वाचकाची नाडीच सांपडली नाहीं असें म्हणावें लागेल.

आमची तक्रार निराळी आहे, आणि ती करण्याचा अधिकार रेवसपासून हरिहरेश्वरापर्यंतच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या वाचकास विशेष आहे. ह्या लेखकांच्या मागून आलेल्यांनीं सबंध कोकण भुतांस आंदण देऊन टाकलें आहे! मुंबईचें एखादें सुशिक्षित कुटुंब मोटारीनें घाट उतरतें. उतरतांच पाऊस गांठतो. वाटेवरचा म्हातारा "तिकडे जाऊं नका" असें बजावून नाहींसा होतो. पुढें माडांच्या राईंत पडका वाडा, त्या वाड्यास एक अबोल रखवालदार, आणि त्या रखवालदारास बहुधा एकच डोळा. रहस्यकादंबरी असेल तर भुताच्या जागीं खुनी येतो, एवढाच फरक. अशा पुस्तकांची परीक्षा करण्याची एक सोपी रीत आहे. गांवाचें नांव खोडून तेथें दुसरें कोणतेंहि नांव घालावें. अलिबागेच्या ठिकाणीं वेंगुर्लें घातल्यानें जर एक ओळहि बदलावी लागत नसेल, तर लेखकानें अलिबाग पाहिलेलें नाहीं हें निश्चित समजावें.

पात्रांच्या तोंडची भाषा पाहा. आमच्या किनाऱ्यावर आगरी आणि कोळी बोलतात ती बोली निराळी, कुणब्यांची निराळी, मुरुड-श्रीवर्धनकडील कोंकणी मुसलमानांची आणखी निराळी. परंतु कादंबरींतला रखवालदार मात्र रेवदंड्यास असो वा उरणास असो, मोडकीतोडकी मालवणीच बोलतो! बेने इस्राएल जेथें शेंकडों वर्षें राहिले, सिद्दींनीं जेथें जंजिरा राखिला, पोर्तुगीजांनीं जेथें चौलास तटबंदी उभारली, त्या भूमींतील भुतांस तरी एकाहून अधिक भाषा येत असाव्यात, अशी अपेक्षा करणें चूक आहे काय?

यावर उत्तर येतें कीं पाश्चात्य लेखकांनींहि असेंच केलें आहे. अर्धें उत्तर खरें आहे. ब्रॅम स्टोकरनें १८९७ सालीं ‘ड्रॅक्युला’ प्रसिद्ध केली तेव्हां त्यानें ट्रान्सिल्व्हानिया डोळ्यांनीं पाहिलेला नव्हता. तरी त्या प्रांतास जो रक्तपिपासूंचा शिक्का बसला, तो आजतागायत पुसला गेलेला नाहीं. हें उदाहरण अनुकरणासाठीं नसून सावध होण्यासाठीं आहे. दुसरें उदाहरण स्टीफन किंगचें घ्या. त्याची ‘सालेम्स लॉट’ ही कादंबरी १९७५ सालची. धारपांनीं ‘लुचाई’मध्यें तिचेंच बीज मराठींत रुजविलें. किंगचें बळ रक्तपिपासूंत नाहीं. तें त्याच्या स्वतःच्या मेन प्रांतांतील एका लहानशा गांवाच्या बारीकसारीक माहितींत आहे: कोण कोणाचा देणेंकरी आहे, कोणाच्या घरांत काय झांकलें जातें, गांव आंतून कसा पोखरला आहे, हें त्यास ठाऊक आहे, म्हणूनच भय पटतें. आमच्या अनुकरणकर्त्यांनीं त्याचें भूत तेवढें उचललें आणि गांव तेथेंच सोडून दिला!

आमच्या आजीच्या गोष्टींतील भूत असें उपरें नव्हतें. त्यास नांव, ठिकाण आणि कारण असे. सोडमुंज होण्यापूर्वीं गेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राही. बाळंतपणांत मेलेली बाई अळवंतीण होई. ह्या समजुती खोट्या, हें आम्ही जाणतों. तथापि त्यांच्या तळाशीं एक खरें दुःख होतें. ज्या काळीं बाळंतिणी मरत आणि त्यांच्यासाठीं कोणी शोक करीत बसत नसे, त्या काळीं तो शोक अळवंतिणीच्या रूपानें विहिरीकांठीं येऊन उभा राही. आजच्या कादंबरींत ती येते ती केस मोकळे सोडून किंचाळण्यापुरती. ती कशानें मेली हें विचारण्यास लेखकास सवड नसते. २०१८ सालच्या ‘तुंबाड’ चित्रपटानें लोभ हेंच भयाचें मूळ मानून, भूत आणि माणसाचें पाप यांची गांठ पुन्हां घातली, म्हणून तो मनांत राहतो.

आणि खरें भय हवें असेल तर आमच्या किनाऱ्यावर त्याची वाण कधींच नव्हती. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. स्वातंत्र्य एका महिन्यावर आलें असतां ह्या किनाऱ्यावर प्रेतें लागत होतीं. १९९३ सालीं दिघी व शेखाडी येथें स्फोटकें उतरलीं, तीं मुंबईस पोहोंचलीं, आणि १२ मार्चला २५७ माणसें मेलीं. पुढें न्यायालयांत कस्टम व पोलिस खात्यांतील कांहीं माणसेंहि दोषी ठरलीं. दिवेआगरास १९९७ सालीं सुपारीच्या वाडींत सोन्याचा गणपति सांपडला. २०१२ सालीं दोन पहारेकऱ्यांस ठार मारून तो चोरण्यांत आला आणि त्याचें सोनें वितळविण्यांत आलें. सामान्य माणसाचें मौन विकत कसें घेतलें जातें, रात्रीं बंदरावर उतरणाऱ्या मालाकडे गांव पाठ कां फिरवितो, ह्याहून भेदक रहस्य कोणत्या लेखकास हवें आहे? ३ जून २०२०च्या निसर्ग वादळांत पिढ्यान् पिढ्यांच्या माडा-सुपाऱ्या एका दुपारीं आडव्या झाल्या. बंद घरांचा प्रश्न तर रोजचाच. त्या घरांत भुतें नाहींत. माणसें पोटासाठीं मुंबईस गेलीं, हेंच त्यांचें रहस्य आहे.

"अहो, ही चार घटकांची करमणूक, तीस इतकी कठोर परीक्षा कशाला?" असें म्हणणारे आहेत. करमणुकीशीं आमचें भांडण नाहीं. परंतु ह्या करमणुकींत अपराधी म्हणून कोणास उभें केलें जातें तें पाहावें. एकटी राहणारी म्हातारी, अंगांत येणारा गरीब भगत, वाडीवरची अडाणी बाई, करणी करणारें असें हेंच त्रिकूट पुस्तकामागून पुस्तकांत येतें. मुंबईहून आलेलें कुटुंब निरपराध, आणि गांवचें दरिद्री माणूस संशयास्पद! डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला त्या २०१३ सालींच महाराष्ट्रांत जादूटोणाविरोधी कायदा आला. अमुक माणूस करणी करतो असें पसरवून त्याचें जगणें कठीण करणें हा त्या कायद्यानें गुन्हा ठरला, कारण असे प्रकार प्रत्यक्षांत घडत होते आणि मार खाणारीं माणसें हींच होतीं. भुतावर विश्वास बसेल ह्याची आम्हांस फारशी चिंता नाहीं. पुस्तक मिटल्यावर भूत जातें. शेजारच्या म्हातारीविषयींचा संशय मात्र मागें राहतो, आणि तो सुशिक्षित घरांतील मुलांच्याहि मनांत राहतो.

कादंबरीस जगांतील थोर कृतींचें माप लावण्याचा पायंडा मराठींत ज्यांनीं घातला, ते इतिहासाचार्य राजवाडे ह्याच जिल्ह्यांतील वरसईचे. त्यांचा ‘कादंबरी’ हा निबंध १९०२ सालचा. तें माप भयकादंबरीस लावूं नये, असें कोणी ठरविलेलें नाहीं. म्हणून आमचें मागणें साधें आहे. लेखकांनीं आमच्या किनाऱ्यावर अवश्य यावें, येतांना भुतेंहि आणावींत. परंतु चार दिवस मुक्काम करून येथील माणसांचीं नांवें, त्यांची बोली आणि त्यांचीं दुःखें विचारून घ्यावींत. वाचकांनींहि पुस्तक विकत घेण्यापूर्वीं गांवाचें नांव खोडून पाहण्याची ती सोपी परीक्षा एकदां करावी. जें पुस्तक त्या परीक्षेस उतरेल तें आम्ही रात्रीं दिवा मोठा करून वाचूं, आणि घाबरण्यांत कमीपणा मानणार नाहीं.