अजिंठ्याचं भवचक्र मुलांना उलगडून सांगा

सोलापुरातून, मग ती शुक्रवार पेठेतली शाळा असो की जुळे सोलापुरातली, सहल अजिंठ्याला गेली की पहिल्या लेण्यातला पद्मपाणी हमखास पाहिला जातो. सतराव्या लेण्याच्या ओसरीत, डाव्या बाजूच्या भिंतीवर एक भलंमोठं चक्र रंगवलेलं आहे. तिथे मात्र फारसं कुणी थांबत नाही. पाचव्या शतकातल्या, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळातल्या या चित्राचा बराच भाग झडला आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजांनी त्याला राशिचक्र समजून लेण्यालाही तेच नाव दिलं होतं.

ते आहे भवचक्र, म्हणजे जन्ममरणाचा फेरा. देव, माणूस, पशू, प्रेत आणि नरक या साऱ्या गती त्या एका फेऱ्यात येतात. देवसुद्धा.

पाली परंपरा अस्तित्वाच्या ३१ भूमी सांगते. त्यातल्या तावतिंस स्वर्गाचा राजा शक्र, म्हणजे इंद्र. तिथला एक दिवस माणसांच्या १०० वर्षांएवढा आणि आयुष्य अशा दिवसांच्या १,००० वर्षांचं. हिशेब ३ कोटी ६० लाख वर्षांवर जातो. तरी ते संपतं. मरण जवळ आलं की देवाच्या गळ्यातली माळ कोमेजते, वस्त्रं मळतात, काखेत घाम फुटतो, आसनावर मन रमत नाही. तेव्हा सोबतचे देव त्याला माणसाचा जन्म मिळो, अशी सदिच्छा देतात.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांची सुरुवातच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्यापासून होते. त्या वाटेने चालणाऱ्या घरातल्या मुलाला बौद्ध चित्रात इंद्र दिसला तर प्रश्न पडणारच. तो टाळू नये. हा इंद्र जग घडवत नाही, कुणाचं पाप धूत नाही. याच ओसरीत तो आकाशातून बुद्धाच्या दर्शनाला निघालेला दिसतो. वेगामुळे त्याच्या गळ्यातले हार मागे उडाले आहेत. इथे वंदन करणारा देव आहे आणि वंदन स्वीकारणारा माणूस.

मूलसर्वास्तिवादी या बौद्ध पंथाच्या विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमग्रंथात, बुद्ध सांगतात, की असं चक्र विहाराच्या दारात रंगवावं आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना ते समजावण्यासाठी एक भिक्खू नेमावा. म्हणजे चित्राइतकाच समजावणारा माणूसही गरजेचा मानला होता. पुरातत्त्व खात्याने या ओसरीत मराठीतून सांगणारा जाणकार कायम ठेवावा. शिक्षकांनी सहलीच्या आधी एक तास या चक्रासाठी काढावा आणि सोलापुरातल्या विहारांनी त्यांना हक्काने मदत करावी.