मरळीसाठी रबरी बेडूक

सकाळी माजलगाव धरणाच्या काठी, गवताजवळ बुडबुडा फुटला की समजावे, मरळ श्वास घ्यायला वर आली. आमची पोरे जिवंत बेडूक गळाला टोचत. बेडूक मारायला हदीसमध्ये मनाई आहे, म्हणून मी रबरी बेडूक आणला. त्याचे गळ पाठीला चिकटलेले असतात, शेवाळात अडकत नाहीत. थांबत-थांबत ओढा. झडप पडली तरी लगेच झटका नको, दोन आकडे मोजा.

पावसाळ्यात तांबूस पिल्लांचा घोळका दिसला, तर मात्र दोरी गुंडाळा. खाली आईबाप राखण करतात, समोर येईल त्यावर तुटून पडतात. धाकट्याने परवा नेमका तिथेच बेडूक टाकला. "अब्बा, हीच तर सोपी!" मी मरळ सोडून दिली. घरापर्यंत तो बोलला नाही.