जखमीचा पहिला तास

अपघातात सापडलेल्या मनुष्याला खिशात पैसे नाहीत म्हणून उपचारावाचून राहावे लागू नये, हे तत्त्व आपल्या देशाने आता कायद्याने मान्य केले आहे. रस्ते-अपघातातील जखमींसाठी रोकडरहित उपचारांची योजना केंद्र सरकारने ५ मे २०२५ रोजी जारी केली. तीनुसार नेमलेल्या रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दर जखमीमागे दीड लाख रुपयांच्या मर्यादेत विनामूल्य उपचार मिळावयाचे आहेत. या योजनेचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु स्वागत करून झाल्यावर एक प्रश्न उरतोच, आणि तो रत्नागिरी जिल्ह्यातील हर्णे बंदराच्या वाळूवर उभे राहून विचारावा असा आहे. उपचाराचा खर्च सरकारने पत्करला. पण उपचारापर्यंतचे अंतर कोणी पत्करावयाचे?

हा हक्क आपल्याला सहजासहजी मिळालेला नाही, याचे स्मरण येथे करून देणे अवश्य आहे. स्कूटरवरून जाणाऱ्या एका इसमास मोटारीची धडक बसली. एका भल्या माणसाने त्यास जवळच्या रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरांनी पोलिसी प्रकरणे हाताळण्याचा अधिकार असलेल्या, सुमारे वीस किलोमीटर दूरच्या दुसऱ्या रुग्णालयाकडे बोट दाखवले, आणि जखमीने वाटेतच प्राण सोडला. या वृत्तावरून उभ्या राहिलेल्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली निःसंदिग्धपणे सांगितले की, डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, जखमीचा जीव वाचवणे हे त्याचे पहिले कर्तव्य होय, कागदपत्रे नंतर. पुढे १९९६ साली, आगगाडीतून पडून जखमी झालेल्या एका मजुरास कलकत्त्यातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नसल्याचे सांगून परत पाठवले, त्या खटल्यात त्याच न्यायालयाने हा घटनेने दिलेल्या जीविताच्या हक्काचाच भंग ठरवला आणि सरकारला भरपाई द्यावयास लावली. पैशाची अडचण ही सबब सरकारला सांगता येणार नाही, असेही न्यायमूर्तींनी बजावले.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांनी जखमेनंतरच्या पहिल्या तासाला ‘सुवर्णतास’ असे नाव देऊन त्याची व्याख्याच केली. या तासात योग्य उपचार झाल्यास मृत्यू टळण्याची शक्यता सर्वांत अधिक, असे कायदाच म्हणतो. त्याच कायद्याच्या कलम १६२ मध्ये या तासातील विनामूल्य उपचारांची योजना करण्याचा आदेश होता. तो आदेश अमलात येण्यास सहा वर्षे लागली, आणि तीही जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिल्यानंतर! ज्या तरतुदीचा सारा भर एका तासावर, तिला कागदावरून रुग्णालयापर्यंत येण्यास सहा वर्षे लागावीत, याला काय म्हणावे?

आता हा तास हर्णे येथे कसा खर्च होतो ते पाहावे. येथून दापोली सुमारे सोळा किलोमीटर. बंदर समुद्राच्या पातळीवर आणि दापोली सुमारे आठशे फूट उंचीवर. मधला रस्ता वळणांचा आणि चढणीचा. उपजिल्हा रुग्णालय दापोलीस आहे. तेथे काम भागले नाही तर खेड आणखी तीस किलोमीटरांच्या आसपास. जिल्ह्याचे मुख्य रुग्णालय रत्नागिरीस, शंभराहून अधिक किलोमीटरांवर. आणि मुंबई दोनशेहून अधिक. जखम झाल्याचे कोणाच्या तरी ध्यानी येणे, दूरध्वनी लागणे, गाडी निघणे, ती येऊन पोचणे, जखमीस उचलणे आणि मग तो घाटवजा रस्ता चढणे, एवढ्यात तास सरतो. दापोलीच्या दारात जखमी पोचतो तेव्हा कायद्याने सोन्याचा ठरवलेला तास बहुधा संपलेला असतो. आणि त्या दारात ‘पुढे न्या’ हे दोन शब्द कानी पडले, तर दुसरा व तिसरा तासही त्याच वाटेने जातो.

‘पुढे न्या’ हे शब्द कोकणच्या कानांना नवे नाहीत. एके काळी मुंबईची बोट हर्णे बंदरात थांबत असे, आणि कमावण्यास निघालेला चाकरमानी व उपचारास निघालेला रोगी एकाच बोटीत बसत. बोट गेली, रस्ते आले, महामार्गाच्या रुंदीकरणात एका तपाहून अधिक काळ लोटला. परंतु मोठ्या दुखण्याला मुंबई हे समीकरण काही बदलले नाही. जुनाट आजाराला मुंबईपर्यंत थांबता येते. फुटलेल्या रक्तवाहिनीला थांबता येत नाही. जोराचा रक्तस्राव काही मिनिटांत मनुष्याचा प्राण घेतो, हे वैद्यकाचे साधे सत्य आहे.

हे आम्ही कल्पनेने लिहीत नाही. जून २०२३ मध्ये याच दापोली-हर्णे रस्त्यावर, आसूद येथे ट्रक आणि वडाप यांची टक्कर होऊन आठ जणांचे प्राण गेल्याची वार्ता साऱ्या महाराष्ट्राने वाचली. त्याआधी २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस आंबेनळी घाटात कोसळून तीस जण मृत्युमुखी पडले; वाचला तो एकच, आणि दरीतून वर येऊन अपघाताची वर्दी जगाला त्यालाच द्यावी लागली. अशा प्रत्येक प्रसंगी मदत जाहीर होते, मंत्री सांत्वनास येतात, वळणावर सूचनाफलक उभा राहतो. पण पुढच्या जखमीपाशी वैद्य किती मिनिटांत पोचेल, या प्रश्नाचे उत्तर तेथे उभे राहत नाही.

हर्ण्याची गोष्ट एवढ्यावरही संपत नाही. हे रत्नागिरी जिल्ह्यातील मासळीचे नामांकित बंदर. सुवर्णदुर्गाच्या समोर नौका नांगरून उथळ पाण्यातून बैलगाड्यांनी मासळी काठावर आणण्याची आणि वाळूवरच तिचा लिलाव करण्याची रीत येथे दीर्घकाळ चालत आली आहे. येथील जखमा रस्त्यावरच होतात असे नाही. यारीच्या दोरात बोट सापडते. ओल्या फळीवरून पाय घसरून खलाशी डोक्यावर आपटतो. पाकटाचा काटा पोटरीत खोल रुततो. गाडीचे चाक पायावरून जाते. नव्या योजनेत यांपैकी एकाही जखमेला स्थान नाही, कारण ती मोटार वाहनामुळे रस्त्यावर झालेली नसते. दापोलीच्या वळणावर हात मोडला तर दीड लाखांपर्यंत उपचार मोफत. तोच हात नौकेवर मोडला तर योजनेचे दार बंद. हाडाला हा भेद कळत नाही. मच्छीमारांसाठी मत्स्य संपदा योजनेखाली अपघात विम्याची तरतूद करण्यात आली, हे खरे. पण तीत मृत्यूसाठी पाच लाख रुपये आणि रुग्णालयाच्या खर्चासाठी पंचवीस हजार अशी वाटणी आहे. मेलेल्याच्या घराला आधार मिळालाच पाहिजे. तथापि जगवण्यासाठी ठेवलेली रक्कम मरणासाठी ठेवलेल्या रकमेच्या विसाव्या हिश्शाइतकीच असावी, हा हिशेब आम्हास उलटा वाटतो.

गावोगाव मोठी रुग्णालये काढणे शक्य आहे काय, असे यावर विचारले जाईल. शक्य नाही, आणि तशी मागणीही आम्ही करीत नाही. मेंदूवरची शस्त्रक्रिया हर्ण्यास व्हावी असे कोणी शहाणा म्हणणार नाही. परंतु रक्त थांबवणे, श्वासाचा मार्ग मोकळा ठेवणे, मोडलेले हाड बांधणे आणि शिरेतून सलाइन सुरू करणे यांसाठी मोठी इमारत लागत नाही. शिकलेले हात लागतात, आणि ते जखमेच्या वेळी जागेवर असावे लागतात. यास्तव आमच्या मागण्या मर्यादित आहेत. मासेमारीच्या हंगामात लिलावाच्या वेळी बंदरावर प्रशिक्षित परिचारक आणि साहित्य यांसह एक उपचारकक्ष उघडा असावा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. तिची एक गाडी, चालक व डॉक्टर यांसह, या किनाऱ्याच्या हाकेच्या अंतरावर रात्रंदिवस उभी राहावी. आणि दापोलीच्या रुग्णालयात अस्थिशल्यज्ञ, भूलतज्ज्ञ व रक्तसाठा ही त्रयी कोणत्या दिवशी आणि कोणत्या प्रहरी उपलब्ध असते, हे दर महिन्यास जाहीर केले जावे. रुग्णालयात खाटा किती, हा प्रश्न आम्ही विचारीत नाही. रविवारी रात्री दोन वाजता भूल कोण देणार, हा विचारतो. खलाशाची जखम योजनेच्या कक्षेत घेण्याचा निर्णय मात्र राज्य व केंद्र सरकारांनीच करावयाचा आहे, आणि त्याला कायद्याच्या एका दुरुस्तीपलीकडे फारसे काही लागत नाही.

सरकारकडे बोट दाखवून समाजाची सुटका होते असे मात्र कोणी समजू नये. विधी आयोगाने २००६ सालच्या आपल्या अहवालात असे मत नोंदवले आहे की, पहिल्या तासात रुग्णालयात पोचले तर अपघातग्रस्तांपैकी निम्मे वाचू शकतात. देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. यांतील कितीतरी जणांभोवती माणसांचे कडे जमले असेल, आणि त्या कड्यातून एकही हात पुढे आला नसेल. पोलीस मागे लागतील, साक्षीला खेटे घालावे लागतील, ही भीती त्या हातांना बांधून ठेवते. ती आता निराधार आहे. मदत करणाऱ्यास दिवाणी वा फौजदारी दायित्वापासून कलम १३४-अ ने संरक्षण दिले आहे. आपले नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. हे कलम प्रत्येक पोलीस ठाण्याच्या, एसटी स्थानकाच्या आणि वडापथांब्याच्या भिंतीवर मराठीत ठळक लिहिले पाहिजे. जे संरक्षण लोकांना माहीतच नाही, ते असून नसल्यासारखे.

भीती गेली तरी अज्ञान उरते. हर्णे बंदरात बर्फाला तोटा नाही. मासळीचा सारा व्यापारच त्यावर चालतो. तुटलेले बोट ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून, पिशवीत घट्ट बांधून, ती पिशवी बर्फावर ठेवली तर ते कित्येक तास टिकते आणि मोठ्या रुग्णालयात पुन्हा जोडता येण्याची आशा राहते; तेच बोट थेट बर्फात टाकले तर खराब होते. वाहत्या जखमेवर हळद किंवा तंबाखू न भरता स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. मान दुखावलेल्यास ओढून उठवू नये. बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतू नये. हे शिकण्यास वैद्यकीय पदवी लागत नाही, दोन दुपारी पुरतात. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि नौका काठाला लागलेल्या असतात. त्या दोन महिन्यांत तांडेल व खलाशांना, आणि त्यांच्याबरोबर वडापचालकांना व शाळांतील वरच्या वर्गांना, हे धडे देण्याचे काम आरोग्य खाते व मच्छीमार सहकारी संस्था यांनी मनावर घेतले तर येत्या हंगामापूर्वीच ते पुरे होईल. भूगोलाच्या तासाला जगातील बंदरे पाठ करणाऱ्या मुलाला आपल्या बंदरावरील माणसाचे रक्त थांबवता येऊ नये, ही शिक्षणाची अपूर्णताच होय.

न्यायालयाने हक्क दिला, संसदेने त्यास कायद्याचे रूप दिले, सरकारने त्यासाठी पैसा नेमला. आता उरली आहेत ती सोळा किलोमीटर. ती कमी करता येत नाहीत. परंतु उपचार त्यांच्या या टोकाला आणून ठेवता येतो. जिल्हा प्रशासनाने, लोकप्रतिनिधींनी आणि हर्ण्याच्या ग्रामस्थांनी पुढील हंगाम सुरू होण्यापूर्वी एकत्र बसून एवढे ठरवावे की, या किनाऱ्यावरील जखमीचा पहिला तास वाटेत जाणार नाही.